ऐंशीच्या दशकाचं गाणं कोणतं? माझं मत म्युनिकच्या टोळीला

हॉलिवूडच्या सिनेमांमधलं कोणतं गाणं ऐंशीच्या दशकाचं म्हणून पुढे करायचं, हा वाद चाहत्यांच्या पाचवीलाच पुजलेला आहे. उमेदवारही ठरलेले. एक गट 'आय ऑफ द टायगर'वर अडून बसतो. दुसरा 'द ब्रेकफस्ट क्लब'मधलं 'डोन्ट यू (फरगेट अबाउट मी)' सोडायला तयार नसतो. तिसऱ्याचं म्हणणं, 'पर्पल रेन' समोर असताना बाकीची नावं घेताच कशाला? मग 'टॉप गन'वाले येतात, 'डर्टी डान्सिंग'वाले येतात, आणि कोणीतरी 'घोस्टबस्टर्स'चं नाव टाकून मजा बघत बसतं.

मी गाणी मिक्स करतो. त्याआधी कीबोर्ड वाजवायचो, आणि त्या काळातली काही यंत्रं अजूनही चालू ठेवली आहेत. त्यामुळे माझी कसोटी कामातून आलेली आहे. गाणं १९७५मध्ये किंवा १९९५मध्ये असंच्या असं बनलं असतं का? बनलं असतं, तर ते कितीही लाडकं असलं तरी या दशकाचं नाही. या कसोटीवर माझं मत 'फ्लॅशडान्स... व्हॉट अ फीलिंग'ला, १९८३चं. आणि त्याला जोडून आणखी एक गोष्ट सांगायची आहे, जी या वादात सहसा कोणी काढत नाही. ज्याला आपण अस्सल अमेरिकी ऐंशीचा आवाज म्हणतो, तो बऱ्याच अंशी म्युनिकच्या एका स्टुडिओतून निघालेल्या तीन माणसांनी घडवला.

आधी 'आय ऑफ द टायगर'चा निकाल लावू, कारण त्याचे चाहते सगळ्यात आक्रमक. गाण्यामागची हकिगत झकास आहे. 'रॉकी ३' (१९८२) कच्चा जोडला होता तो क्वीनच्या 'अनदर वन बाइट्स द डस्ट'वर. ते गाणं वापरायची परवानगी मिळाली नाही, म्हणून स्टॅलोनने सर्व्हायव्हर या बँडला गाठलं. जिम पीटरिक आणि फ्रँकी सलिव्हन यांनी पडद्यावरचे ठोसे बघत बघत गिटारचे ते तुटक घाव बसवले. सिनेमात तर त्यांचा डेमोच वाजतो, अल्बमवरचं रेकॉर्डिंग नंतरचं. पण डोळे मिटून ऐका. गिटार, पियानो, बेस, माणसाने वाजवलेले ड्रम्स. हे रॉक १९७८मध्येही असंच वाजलं असतं. तालमीची पाच मिनिटं गाण्यावर कापायची पद्धत मात्र या सिनेमांनी रुळवली, आणि 'रॉकी ४'मध्ये (१९८५) तर ती इतकी झाली की मध्ये मध्ये कथा आहे हेच विसरायला होतं. तेव्हा दृश्य ऐंशीचं, गाणं सत्तरीचं. गुण अर्धेच.

मग ऐंशीचा आवाज म्हणजे नेमका कोणता? सगळ्यात आधी स्नेअर ड्रम, म्हणजे ड्रम्समधला तो कडक 'टाक' आवाजाचा. १९८०मध्ये आलेल्या पीटर गेब्रियलच्या तिसऱ्या अल्बमचं काम लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत चालू होतं. तिथल्या एसएसएल कन्सोलवर, म्हणजे सगळे आवाज मिसळायच्या टेबलावर, एक वेगळा माइक जोडलेला होता, तो फक्त आतल्या वादकाचं बोलणं बाहेर ऐकू यावं म्हणून. त्यावर जबरदस्त कंप्रेशन लावलेलं, म्हणजे कोपऱ्यातून पुटपुटलेलंही ऐकू यायचं. फिल कॉलिन्स ड्रम्स वाजवत असताना तो माइक चालू राहिला आणि बाहेर स्पीकरमधून जो आवाज आला त्याने सगळे हबकले. ह्यू पॅडगम या इंजिनिअरने तो माइक रेकॉर्डिंगला जोडून घेतला आणि पुढे नॉइज गेट लावला. खोलीचा प्रचंड घुमारा उठतो आणि विरायच्या आत कापला जातो. मोठ्या दालनाचा आवाज, पण शेपूट नाही. पुढच्या वर्षी कॉलिन्सच्याच 'इन द एअर टुनाइट'मध्ये तो जगाने ऐकला, आणि मग दशकभर प्रत्येक निर्मात्याला आपला स्नेअर तसाच हवा होता. त्यातल्या निम्म्या गाण्यांना तो शोभत नव्हता, पण ऐकतो कोण?

दुसरं, यंत्रं. रॉजर लिनचं एलएम-१ हे ड्रम मशीन १९८०मध्ये आलं, सुमारे ५,००० डॉलरना. त्यात खऱ्या ड्रम्सचे आवाज साठवलेले होते, ही तेव्हा अचाट गोष्ट होती. १९८२मध्ये स्वस्तातलं लिनड्रम आलं. १९८३मध्ये यामाहाचा डीएक्स७ आला. हा सिंथ, म्हणजे विजेवर आवाज घडवणारा कीबोर्ड, एफएम पद्धतीवर चालायचा: एका लहरीने दुसरी लहर हलवून आवाज बनवायचा. ती पद्धत स्टॅनफर्डच्या जॉन चाऊनिंगने शोधलेली. त्यात स्वतःचा आवाज बनवणं म्हणजे डोक्याला ताप होता. छोटासा पडदा, एका वेळी एकच आकडा दिसणार, आणि तो बदलला की आवाजाचं काय होईल याचा आधी अंदाज येत नाही. त्यामुळे बहुतेकांनी कंपनीने भरून दिलेले आवाजच वापरले. त्या काळातली संथ प्रेमगीतं एकमेकांची सख्खी भावंडं का वाटतात, याचं उत्तर बऱ्याचदा 'ई पियानो १' नावाच्या एका बटणात आहे. 'टॉप गन'मधल्या 'डेंजर झोन'चा तो टणक बेसही त्याच यंत्रातला, 'बेस १'.

आता यंत्रांचा सिनेमाशी संबंध. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम धावते. मिनिटाला १२० ठोके असलेल्या गाण्यात एक ठोका बरोबर अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे १२ फ्रेमचा. माणूस ड्रम्स वाजवतो तेव्हा अंतऱ्यात जरा पुढे सरकतो, ध्रुवपदात जरा रेलतो. त्यात जिवंतपणा असतो, पण एडिटरला प्रत्येक कापणी कानाने शोधावी लागते. यंत्राचा ताल हलत नाही. बाराव्या फ्रेमला कापा, चोविसाव्या फ्रेमला कापा, बसणारच. शिवाय नाचाचं चित्रीकरण एका गाण्यावर करून नंतर त्याच लयीचं दुसरं गाणं खाली सरकवता येतं. १ ऑगस्ट १९८१ला एमटीव्ही सुरू झाल्यावर तर असं कापलेलं दृश्य तसंच्या तसं उचलून वाहिनीवर द्यायची सोय झाली. सिनेमाची जाहिरातही झाली, गाण्याचीही. 'फ्लॅशडान्स'मधल्याच 'मेनिअॅक' या गाण्याचा व्हिडिओ सिनेमातले तुकडे जोडूनच केलेला आहे.

आणि इथे म्युनिकची टोळी येते. जॉर्जिओ मोरोडर इटलीच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातला, पण कारकीर्द घडली म्युनिकमध्ये. तिथल्या एका हॉटेलच्या इमारतीच्या तळघरात त्याचा म्युझिकलँड स्टुडिओ होता. डोना समरचं 'आय फील लव्ह' (१९७७) हे त्याचं काम. त्या गाण्यात गळा सोडून जवळपास सगळं मूग नावाच्या सिंथवर आहे. फक्त एक अडचण होती. मूगमधून पायाच्या ड्रमचा दणका हवा तसा येईना. तेव्हा कीथ फोर्सी या इंग्रज ड्रमरला बसवलं आणि त्याच्याकडून निव्वळ तो पायाचा ठोका वाजवून घेतला. यंत्रांच्या गर्दीत बसून यंत्रासारखं वाजवणारा हा एकटा माणूस. त्याचं नाव लक्षात ठेवा. तिसरा हॅरल्ड फाल्टरमायर, म्युनिकचाच, मोरोडरच्या हाताखाली सिंथ आणि अरेंजिंग शिकलेला. 'मिडनाइट एक्स्प्रेस'च्या (१९७८) संगीतासाठी मोरोडरला ऑस्कर मिळालं आणि त्याच्या मागोमाग ही मंडळी लॉस एंजेलिसला आली.

पुढचं बघा. 'अमेरिकन जिगोलो'साठी ब्लाँडीने गायलेलं 'कॉल मी' (१९८०), संगीत मोरोडर. 'व्हॉट अ फीलिंग' (१९८३), संगीत मोरोडर, शब्द फोर्सी आणि गायिका आयरीन कॅरा यांचे. 'बेव्हर्ली हिल्स कॉप'मधलं 'द हीट इज ऑन' फाल्टरमायर आणि फोर्सी यांचं, आणि त्याच सिनेमातली 'अॅक्सेल एफ' ही शब्दांशिवायची धून एकट्या फाल्टरमायरची. 'डोन्ट यू' (१९८५) फोर्सी आणि स्टीव्ह शिफ यांचं. 'डेंजर झोन' आणि 'टेक माय ब्रेथ अवे' (१९८६) मोरोडर आणि टॉम व्हिटलॉक यांची, आणि 'टॉप गन'चं पार्श्वसंगीत फाल्टरमायरचं. त्यातल्या मुख्य धूनवरची गिटार स्टीव्ह स्टीव्हन्सची, म्हणजे बिली आयडलचा गिटारवादक, आणि आयडलच्या अल्बमांचा निर्माता कोण? फोर्सी. चाहते ज्या गाण्यांवरून एकमेकांच्या उरावर बसतात त्यातली निम्मी एकाच घरातली आहेत.

आता 'व्हॉट अ फीलिंग' का, ते. सिनेमा पाहिलेला नसेल तर एवढंच पुरे: पिट्सबर्गमध्ये वेल्डिंगचं काम करणारी एक मुलगी, रात्री नाचते, मोठ्या नृत्यशाळेत प्रवेश मिळवायचं स्वप्न. शेवटी परीक्षकांसमोर चाचणी. ती रेकॉर्डवर सुई ठेवते, नाचायला लागते आणि चुकते. थांबते, पुन्हा सुई सुरुवातीला नेते. गाण्याची रचना नेमकी याला धरून आहे. सुरुवात संथ, ताल नाही, नुसते सिंथचे सूर आणि कॅराचा दबका आवाज. मग ड्रम्स येतात आणि गाणं पळायला लागतं. संथ सुरुवातीमुळे चुकायला आणि पुन्हा उभं राहायला जागा मिळते. कॅरा आणि फोर्सी यांना शब्द लिहिण्याआधी हाच शेवटचा प्रसंग दाखवला होता, आणि ते गाण्यात कळतं. 'फ्लॅशडान्स' हा शब्द शीर्षकात आहे, गाण्यात एकदाही नाही.

आता हेच दृश्य जरा बारकाईने बघा. पडद्यावर नाचणारी मुलगी एक नाही. चेहरा जेनिफर बील्सचा. बहुतेक नाच मरीन जहान या नर्तिकेचा, जिचं नाव श्रेयनामावलीतही नव्हतं. हवेतली उडी एका जिम्नॅस्टची. आणि पाठीवर गरगर फिरणं हे क्रेझी लेग्ज नावाच्या ब्रेकडान्सरचं, म्हणजे चक्क एका मुलाचं. चार वेगळी शरीरं, चार वेगळ्या लकबी. ती एक मुलगी वाटते कारण खाली एक न हलणारा ताल आहे आणि प्रत्येक कापणी त्यावर पडते. आवाज बंद करून ते दृश्य पाहिलंत तर सांधे उघडे पडतात. आवाज चालू करा, पुन्हा एकच नर्तिका. सिनेमातल्या गाण्याने दृश्याला इतकं तोलून धरल्याचं दुसरं उदाहरण मला त्या दशकात चटकन आठवत नाही.

बाजाराच्या अंगानेही तेच. गाणं अमेरिकेत सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, ऑस्कर मिळालं, साउंडट्रॅकने 'थ्रिलर'ला काही काळ वरून खाली खेचलं. निर्माते डॉन सिम्पसन आणि जेरी ब्रकहायमर यांनी एकत्र केलेला हा पहिला सिनेमा. गाणी आधी बाहेर काढायची, वाहिनीवर दृश्यं दाखवायची, मग लोक तिकीट काढतात, हा हिशेब त्यांना इथे जमला आणि त्यांनी तो पुढे 'बेव्हर्ली हिल्स कॉप' आणि 'टॉप गन'मध्ये वापरला.

१९८४ला हा प्रकार शिगेला पोचला. त्या वर्षीच्या ऑस्करची नामांकनं आठवा: 'अगेन्स्ट ऑल ऑड्स', 'फुटलूज', 'लेट्स हिअर इट फॉर द बॉय', 'घोस्टबस्टर्स' आणि स्टीव्ही वंडरचं 'आय जस्ट कॉल्ड टू से आय लव्ह यू'. पाचही गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन आलेली. जिंकलं स्टीव्ही वंडरचं, आणि माझ्या मते ते त्या पाचांत सगळ्यात पुळचट होतं. 'अगेन्स्ट ऑल ऑड्स' समारंभात कॉलिन्सला गायलाच दिलं नाही. तो खाली प्रेक्षकांत बसला होता आणि मंचावर अॅन रीनकिंग गात होती. 'घोस्टबस्टर्स'वर ह्युई लुइस या गायकाने आपल्या गाण्याची नक्कल केल्याचा दावा ठोकला, तो कोर्टाबाहेर मिटला. पुढच्याच वर्षी लुइस 'बॅक टू द फ्युचर'मध्ये 'द पॉवर ऑफ लव्ह' घेऊन आला, आणि वर एका प्रसंगात परीक्षक बनून नायक मार्टीच्या बँडला 'फार मोठ्याने वाजवता' म्हणून बाहेरही काढलं. वाजवत होते त्याचंच गाणं.

'डोन्ट यू'ला मी दुसरा क्रमांक देतो. फोर्सीने ते आधी बिली आयडल आणि ब्रायन फेरी यांच्याकडे नेलं होतं, दोघांनीही नाही म्हटलं. सिंपल माइंड्स हा स्कॉटिश बँडही दुसऱ्याचं लिहिलेलं गायला राजी नव्हता, बरीच मनधरणी झाल्यावर काही तासांत उरकून मोकळा झाला. शेवटाला शब्दच नव्हते म्हणून त्यांचा गायक जिम कर हा नुसतं 'ला ला ला' गात सुटला. ते तात्पुरतं होतं, तेच राहिलं, आणि आज लोकांना तेच सगळ्यात आधी आठवतं. सिनेमाच्या शेवटी मैदान ओलांडताना बेंडर या पोराची वर गेलेली मूठ त्या गाण्याशिवाय निम्मीच राहिली असती. तरीही ते दुसरं, कारण ते दृश्याच्या वर येऊन बसतं. दृश्य त्याच्यावर उभं नाही.

'द ब्रेकफस्ट क्लब'चे दिग्दर्शक जॉन ह्यूज यांच्याच पठडीतलं 'प्रिटी इन पिंक' (१९८६) इथे सांगितलं पाहिजे. मूळ शेवटात नायिका अँडी तिच्या जुन्या मित्रासोबत, डकीसोबत राहते. चाचणी प्रयोगात प्रेक्षकांना ते पटलं नाही, शेवट बदलून पुन्हा चित्रित झाला आणि ती श्रीमंत ब्लेनकडे गेली. ओएमडी या बँडने जुन्या शेवटासाठी दिलेलं गाणं एकदम निरुपयोगी झालं. हातात एक दिवस. त्यांनी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत बसून रातोरात 'इफ यू लीव्ह' लिहिलं. नाच आधीच दुसऱ्या गाण्यावर चित्रित झालेला, त्यामुळे लय ठरलेली होती, तिच्यात मावेल असंच लिहायचं होतं. मला हे गाणं मनापासून आवडतं. डकीवर अन्याय झाला असं वाटणाऱ्यांनीही ते निमूटपणे ऐकावं इतकं ते चांगलं आहे.

'डर्टी डान्सिंग'चा मुद्दा मात्र फार गमतीचा आहे. कथा १९६३ची. सिनेमाभर त्या काळातल्या जुन्या रेकॉर्ड्स वाजतात आणि शेवटच्या नाचाला, त्याच १९६३च्या हॉलमध्ये, 'द टाइम ऑफ माय लाइफ' सुरू होतं: सिंथ, यंत्रासारखे ड्रम्स, १९८७चं लखलखीत मिक्स. काळाचं भान ठेवणाऱ्याला हा धडधडीत घोटाळा वाटेल. चित्रपटगृहात कोणी हूं की चूं केलं नाही. संगीतकार व्हँगेलिसने 'चॅरियट्स ऑफ फायर'मध्ये (१९८१) हेच केलं होतं, १९२४च्या ऑलिंपिकच्या धावपटूंखाली सिंथ. या दशकाला आपला आवाज दुसऱ्या काळावर चढवताना जराही संकोच नव्हता. माझ्या कसोटीवर हे गाणं तिसरं.

'टेक माय ब्रेथ अवे' चौथं. व्हिटलॉक मोरोडरला भेटला तो त्याच्या गाडीचे ब्रेक दुरुस्त करताना, हे आता सर्वांना ठाऊक आहे. गाण्याचा सगळा डोलारा त्या बेसच्या चार-पाच सुरांवर आहे. बर्लिन या बँडची टेरी नन गात नसती तरी लोकांनी ते ओळखलं असतं. बँड म्हणून बर्लिन त्यात फारसा नाहीच, ती आणि मोरोडरची यंत्रं.

म्युनिकच्या या हिशेबाला एक तगडं उत्तर आहे, ते सांगितलं नाही तर लबाडी होईल. 'डू द राइट थिंग' (१९८९) आणि त्यातलं पब्लिक एनिमी या रॅप गटाचं 'फाइट द पॉवर'. दिग्दर्शक स्पाइक लीने ते मागून घेतलं, सुरुवातीला रोझी पेरेझला त्यावर नाचवलं आणि मग रेडिओ रहीम या पात्राच्या खांद्यावरच्या बूमबॉक्समधून ते सिनेमाभर वाजत ठेवलं, इतकं की शेवटी त्यावरूनच आग भडकते. यंत्रं इथेही आहेत, पण जुन्या रेकॉर्ड्सचे तुकडे एकमेकांवर रचायला. आपल्या नेहमीच्या याद्यांत हे गाणं नसतं, कारण त्या याद्या बहुतेक वेळा शाळेच्या नाचाच्या हॉलबाहेर पडत नाहीत. मी त्याला पाचवं ठेवतो ते केवळ या कारणाने की त्याची पिलावळ नव्वदच्या दशकात जास्त वाढली.

राहिला प्रिन्स. त्याचा 'पर्पल रेन' (१९८४) हा अल्बम चोवीस आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होता आणि त्यातलं 'व्हेन डव्ह्ज क्राय' इथल्या कोणत्याही गाण्यापेक्षा मोठं आहे. यंत्र तेच, लिनचं एलएम-१. पण बाकीचे जिथे आवाजावर आवाज चढवत होते तिथे प्रिन्सने शेवटच्या घडीला बेसच काढून टाकला. नाचायच्या गाण्यात बेस नाही! मिक्स करणाऱ्याला हे ऐकून आजही घाम फुटेल. १९८४मध्ये असं करायची हिंमत दुसऱ्या कोणात नव्हती, आणि नेमकं म्हणूनच दशकाचा नमुना म्हणून मी ते देणार नाही. ज्यांना त्यावरून माझ्याशी भांडायचं आहे त्यांनी आधी हेडफोन लावून ते एकदा सलग ऐकावं, मग यावं.